टक

पौषातली पहाट. बेनोड्याच्या रस्त्याला
संत्र्याच्या बागांवरून गारठा खाली उतरलेला,
आणि उमाळे साहेबांची डिझेल अँबॅसिडर
उठायला तयार नाही.
चावी फिरवली की कण्हते, खोकते,
पांढरा धूर टाकून पुन्हा आडवी.

साहेब मफलरातून म्हणतात, बॅटरी नवी आहे हो.
सगळेच म्हणतात.

इद्रिस मिस्त्री बॉनेट उचलून उभे.
ऐकू येणं कमी होत होत
मागच्या दिवाळीनंतर बंदच झालं.
तीस वर्षं हॉर्न दुरुस्त केले त्यांनी,
ट्रकचे, एसटीचे, वरातीच्या जीपचे.

'पोरी, रिले कोठी हाय, पाह्य.'

मी आयटीआयची. वहीत रिले म्हणजे
एक स्वच्छ चौकोन, चार आकडे,
पट्टीने ओढलेल्या रेघा.
इथे फायरवॉलवर तीन डबे, तिन्ही सारखे,
तिन्हींवर एकाच जातीची धूळ,
आणि कोणीतरी कधीतरी
लाल वायरीला हिरवी जोडून
वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

मी म्हणाले, आवाजावरून शोधू.
ते माझ्या ओठांकडे बघत होते.
हसले.
माझं बोट धरून पहिल्या डब्यावर ठेवलं
आणि साहेबांना खूण केली : चावी.

काही नाही.
दुसऱ्यावर.
काही नाही.
तिसऱ्यावर बोट, आणि आत
कोंबडीच्या पिल्लाने कवच टोचावं तसं
टक.

'हाच,' ते म्हणाले. माझ्या आधी म्हणाले.
त्यांचा तळवा शेजारच्या पत्र्यावर होता.

मग काडीने चिखलावर शिकवलं :
पंच्याऐंशी, शहाऐंशी, हे दोन पाय लहान करंटचे.
लहान करंट जाऊन आतली गुंडाळी जागी करतो,
गुंडाळी लोखंडाची जीभ ओढते,
मग तिसातून सत्याऐंशीत मोठा करंट धावतो
हीटरच्या चार काड्यांकडे.
'कोतवालासारखं हाय. दवंडी त्याची,
पैसा त्याचा नाही.'

मी विचारलं, हातवारे करून,
मागच्या महिन्यात जिनिंगवाल्यांची
जुनी विलायती पेट्रोल गाडी आली होती,
तिच्यातला चोकचा रिले? तोही असाच होता दिसायला.
'दिसते सारखाच. टायम पाह्य.
हीटरवाला गाडीच्या आंधी जागते.
चोकवाला गाडी उठल्यावर,
मंग चोकच्या स्प्रिंगले ऊब देते, झडप उघडते.
तो झोपून राह्यला त गाडी पेट्रोल पीतच राह्यते,
अन् धूर काळा.'
त्या गाडीचा धूर काळाच होता.
मी तेव्हा कार्बोरेटर दोनदा खोलला होता.
त्यांनी तेव्हा काहीच म्हटलं नव्हतं.

टेस्ट लॅम्प लावला. तिसावर उजेड.
टक झाल्यावर सत्याऐंशीवर
उजेड नाही.
म्हणजे जीभ उचलते, बोलत नाही.
डब्याची कड स्क्रूड्रायव्हरने सोडवली.
आतले दोन ठिपके काळे, जळक्या वांग्यासारखे.
शून्य नंबरचा कागद त्यांनी घडी करून
ठिपक्यांमध्ये सरकवला,
दोन वेळा. तिसऱ्यांदा मला दिला.

साहेब विचारत होते, नवीनच टाका ना,
मोर्शीला मिळेल का, किती पडेल.
मिस्त्री बघत नव्हते, म्हणून
ते मलाच विचारत होते,
आणि मला पहिल्यांदाच
एखाद्या भावाचा आकडा सांगायची वेळ आली.
'मिळेल. पण आज याच्यावरच चालेल,' मी म्हणाले,
आणि खात्री नव्हती.

चावी. टक. डॅशवरचा लाल दिवा लागला.
मी मोजू लागले, मोठ्याने,
एक, दोन, तीन...
वीस म्हणायच्या आत त्यांनी हात वर केला,
'अजून नाही,' म्हणून,
कसं कळलं कोण जाणे,
पत्र्याला गाल लावून उभे होते,
श्वासाची वाफ रंगावर जमत होती.

मग हात खाली आला.
साहेबांनी चावी पुढे ढकलली.